त्या लेकराची आजी कोणत्या गावची?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे भाऊ ३४ वर्षांचे, राळेगाव तालुक्यातल्या एका गावचे, जिनिंग मशीनचे फिटर. कंपनीनं त्यांना दोन सीझन युगांडात उत्तरेकडे लिरा शहराजवळच्या जिनिंगवर काम करायला पाठवलं होतं. जिनिंगच्या बाजूलाच ४२ लेकरांचा अनाथाश्रम. रविवारी सुट्टी म्हणून हे तिथं जायचे, पंप दुरुस्त करून दिला, दरवाजे बसवून दिले, लेकरांचा लळा लागला. परत आल्यावर आश्रमाच्या संचालकांचे व्हॉट्सॲपवर मेसेज येऊन राहिले, बाहेरच्या देणगीदारांनी हात आखडला, टिनं गळतात, शाळेची फी थकली, धान्य संपत आलं. नवीन हॉलसकट साधारण ९ लाख रुपये पाहिजेत. भाऊंनी कापसाच्या चुकाऱ्यातून ६० हजार पाठवले, बायकोला नंतर सांगितलं, ती आठ दिवस बोलली नाही. आता त्यांना गणपती मंडळ, गावातला भंडारा अन् मित्रांकडून पैसे जमा करायचे आहेत, पण पानठेल्यावर लोक म्हणतात, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, आपल्या गावात बिनबापाची लेकरं कमी आहेत का, अन् हा चालला आफ्रिकेले पोसायले." भाऊंचा प्रश्न असा, की दूरच्या लेकरांसाठी मागणं चूक आहे का, अन् चूक नसन तर मागू कसं?

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्याच बाजूनं झाली होती, खरं सांगते. त्या सहा-सात वर्षाच्या पोराबद्दल तुम्ही लिहिलं आहे नं, तुम्ही पंपाखाली लोळलेले अन् नुसता हात बाहेर काढला की तो बरोबर तेराचा पाना हातात ठेवायचा, चौदाचा नाही, तेराचाच, एक शब्द एकमेकांचा समजत नसताना. ते वाचून मलाही वाटलं की ९ लाख काय, जमवूच. ज्या माणसानं हे पाहिलं त्याला झोप कशी येणार.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एका ओळीवर अडकली. तुम्ही सहज लिहून गेले आहात, "डिसेंबरात गेलो तं अर्धे पोट्टे नव्हते, सुट्ट्या लागल्या म्हणून गावी गेले होते, पानावाला (तोच पाना देणारा पोरगा) पण आजीकडे गेला होता, आला तेव्हा माह्यासाठी शेंगा घेऊन आला."

गावी? कोणाच्या गावी, भाऊ? ज्याला आजी आहे, अन् आजी महिनाभर त्याला ठेवून घेते, परत येताना शेंगा बांधून देते, तो पोरगा अनाथ कसा?

मी तुम्हाला पकडून नाही राहिली. संचालक खोटं बोलतात असंही म्हणत नाही, त्यांचं मन तुमच्याइतकंच चांगलं असू शकते. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. पैसे द्यायचे का नाही, इथले का तिथले, हे सगळं नंतरचं. पहिले हे विचारा की ही लेकरं कोणाची आहेत.

अनाथ या शब्दाची एक गडबड आहे ती समजून घ्या. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा बाप, दोघातलं एक जरी गेलं तरी लेकरू अनाथ धरल्या जाते. आता हाच हिशेब आपल्या तालुक्याला लावून पहा. ज्या घरात कर्जापायी बापानं औषध घेतलं, त्या घरातल्या लेकराला आपण अनाथ म्हणतो का? नाही म्हणत, माय आहे, आजा आहे, मामा आहे, आपण म्हणतो बिनबापाचं आहे. पण तेच लेकरू कागदावर अनाथ झालं, अन् कागद सातासमुद्रापार गेला, की वाचणाऱ्याला वाटते याचं जगात कोणीच नाही. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं २००९ मधे सांगितलं होतं की जगभरच्या अनाथाश्रमांतल्या ५ पैकी निदान ४ लेकरांची आई किंवा बाप, एक तरी जिवंत आहे. मग ते तिथं काऊन आहेत? बहुतेक वेळा गरिबीपायी. शाळा आश्रमात आहे, जेवण आश्रमात आहे, म्हणून माय लेकराला तिथं ठेवते. युगांडाच्या उत्तरेकडं तर १९८७ पासून २००६ पर्यंत बंडखोरांच्या लढाईनं गावंच्या गावं छावण्यांत जाऊन पडली होती, वरून एड्सनं घरं मोडली, तेव्हा खरंच कोणी नसलेली लेकरं होती अन् असे आश्रम तेव्हा लागले असतील. पण ती लेकरं आता तुमच्या-माझ्यासारखी मोठी झाली. आज तिथं जे सात वर्षाचं आहे ते लढाईचं लेकरू नाही, ते फीचं अन् पोटाचं लेकरू असण्याची शक्यता जास्त.

हे मी पुस्तकातून नाही सांगून राहिली. मी ११ वर्षं आपल्याच भागातल्या एका बालगृहात काम करत होती. कोलाम पाड्यावरची एक मुलगी होती आमच्याकडे, दुसरीत. रजिस्टरमधे अनाथ. दर मंगळवारी ती दुपारपासून गेटच्या गजाला धरून उभी राहायची, जेवायला बोलावलं तरी येत नव्हती, मी समजायची हट्टी आहे. एका मंगळवारी मी तिच्याजवळ जाऊन बसली तं पाहते काय, फ्रॉकच्या खिशात अर्धा अर्धा बिस्किटचा चुरा, आठवडाभराचा जमवलेला, मुंग्या लागलेल्या. म्हणे भावासाठी आहे. तिची माय मंगळवारच्या बाजाराला डोक्यावर मोळी घेऊन त्याच रस्त्यानं जायची, कडेवर लहान पोरगा, अन् गेटजवळ आली की पाच मिनिटं थांबायची. आत यायची तिला हिंमत नव्हती, कारण आत यायचं म्हणजे रजिस्टर खोटं ठरायचं. अनुदान डोक्यामागं होतं, जितकी लेकरं तितके पैसे, अन् त्याच वर्षी आम्ही नवीन हॉलसाठी वर्गणी काढली होती. मी स्वतः दारोदार फिरली होती त्या हॉलसाठी, पावतीबुक घेऊन. हॉल झाला, खाटा आल्या, अन् खाटा भरायला आणखी लेकरं आणल्या गेली. त्या मायला पाहिजे होतं काय? एसटीचा पास, वह्या, अन् पावसाळ्याचे तीन महिने धान्य. हॉलच्या एका भिंतीच्या पैशात त्या पोरीचं दहावीपर्यंत झालं असतं, मायजवळ राहून. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुमच्या पत्रातलं "नवीन हॉल" वाचलं अन् पोटात गोळा आला.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. हॉलसाठी एक रुपया पण जमवू नका. इमारत उभी राहिली की ती भरावी लागते.

अन् मग लेकरांना उपाशी सोडायचं का? नाही बाप्पा. आज जे ४२ जण तिथं आहेत त्यांना आज रात्री जेवण पाहिजेच, हा सगळा विचार त्यांच्या पोटावर पाय देऊन करायचा नाही. तुम्ही लिहिलं की तिकडे पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा अन् बीन्स, हेच दोन टाइम. जिनिंगवर अजून आपले एक-दोन माणसं आहेत म्हणता, त्यांना सांगून ज्या दुकानातून आश्रमाचं पीठ येते त्या दुकानदाराची उधारी किती आहे ते विचारा, एका टर्मपुरती ती आश्रमानं परस्पर दुकानदाराच्या खात्यात भरावी अन् पावतीचा फोटो पाठवावा, असं ठरवून मग पैसे पाठवा. एक टर्म, म्हणजे तीन महिने. त्यांची शाळा फेब्रुवारीत सुरू होते अन् वर्षाच्या तीन टर्म असतात, फी पण टर्मची, त्यामुळं तुम्हाला दर महिन्याला पाठवायची गरजच नाही, वर्षातून तीनदा पाठवा, बँकेचा चार्ज दरवेळी वेगळा लागतो तो वाचतो.

त्या तीन महिन्यांत संचालकांना काही गोष्टी विचारायच्या, नम्रपणे पण लेखी. ४२ पैकी किती जणांच्या घरचं कोणी माहीत आहे, म्हणजे आई, आजी, मावशी, कोणीही. सुट्टीत किती जण जातात, कुठं जातात. आश्रमाला सरकारची मान्यता आहे का. युगांडात प्रत्येक जिल्ह्याला प्रोबेशन अँड सोशल वेल्फेअर ऑफिसर असतो, आपल्याकडच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यासारखा समजा, लेकरू आश्रमात ठेवायचं तर त्याच्या नजरेखालून जायला पाहिजे, तर त्या ऑफिसरनं शेवटची भेट कधी दिली. कोणाचे पैसे थांबले अन् त्यांनी काय कारण दिलं, हे तर विचाराच, कारण अनेक जुने देणगीदार याच कारणानं हात काढून घेऊन राहिले की पैसा आश्रमाला नको, घराला द्यायचा. ऑस्ट्रेलियानं तर तिथल्या २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत, पैशासाठी लेकरं आश्रमात भरण्याला गुलामगिरीतच मोजलं. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं पण हेच म्हणतात की नुसती गरिबी आहे म्हणून लेकरू घरापासून तोडू नये, मदत घराला करावी. अन् आपला २०१५ चा बालन्याय कायदा पण संस्थेला शेवटचा उपाय मानतो.

मग संचालकांसमोर एक प्रस्ताव ठेवा. म्हणा, हॉलचे पैसे मी नाही जमवू शकत, पण ज्या पाच लेकरांच्या आज्या-माया त्यांना ठेवायला तयार आहेत त्यांची वर्षाची फी, गणवेश, अन् घरी एखादी शेळी किंवा बियाणं, जे ती बाई म्हणन ते, याचे पैसे जमवतो, तुमचा एक माणूस महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन पाहून येईल त्याचा पगार पण देतो. नुसतं गेटबाहेर सोडून द्यायचं नाही, हे नीट पहा, घाईघाईत घरी पाठवलेलं लेकरू पुन्हा रस्त्यावर येते, म्हणून तो महिन्याला जाऊन पाहणारा माणूस लागतो अन् त्या जिल्हा ऑफिसरला माहीत असायला लागते. या प्रस्तावावर संचालक काय म्हणतात त्यात तुमचं उत्तर आहे. त्यांचा चेहरा उजळला, म्हणाले की मलाही हेच करायचं होतं पण यासाठी कोणी पैसे देत नाही, तर त्या माणसाचा हात धरा अन् सोडू नका. अन् जर म्हणाले की लेकरं गेली तर आश्रम कसा चालन, तर समजा की आश्रम लेकरांसाठी नाही, लेकरं आश्रमासाठी आहेत.

९ लाख भागिले ४२ करून पहा, एका लेकरामागं २१ हजाराच्या वर येतात. ते हॉलच्या सिमेंटात घालायचे का त्या आजीच्या हातात, हे तुम्हीच सांगा, तुम्ही तिथल्या बाजारात फिरलेले आहात, एका रुपयाला चाळीसच्या आसपास शिलिंग मिळतात, काय भाव आहे शेळीचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

खरंच कोणी नसलेली लेकरं पण असतीलच, पाच-सात तरी. अपंग असतील, टाकून दिलेली असतील. त्यांच्यासाठी घर लागतेच. आपल्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी हेच केलं, ज्यांना कोणीच नाही अशा दिव्यांग लेकरांना स्वतःचं आडनाव दिलं, २०२४ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं फरक हाच आहे की त्या लेकरांची डिसेंबरात वाट पाहणारी आजी नाही. तुमच्या आश्रमातली अशी पाच-सात कोण, हे कळलं की त्यांच्यासाठी वेगळं मागता येते, अन् ते कमी पैशात होते.

आता पैसे कसे जमवायचे, हे जरा लक्ष देऊन वाचा कारण यात चांगले चांगले लोक फसतात. मंडळाच्या नावानं वर्गणी काढू नका. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, कलम ४१ क म्हणतात त्याला, मंडळाला जी मिळते ती उत्सवासाठी असते, त्या पैशातून युगांडाला पाठवले तर उद्या मंडळाचा अध्यक्ष अडकन. दुसरं, सगळ्यांचे पैसे तुमच्या एकट्याच्या फोनपेवर घेऊ नका. नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून वर्षात ५० हजाराच्या वर आले की ती सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरल्या जाऊ शकते, अन् त्याहून वाईट म्हणजे गावात एकदा "खाल्ले" असं नाव निघालं की ते सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं उतरत नाही. तिसरं, जिनिंगवरचा कोणी शेठ म्हणन की भाऊ इकडे रुपये दे, मी तिकडे शिलिंग देऊन टाकतो, काही कटकट नाही. तो हवाला आहे, फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याविरुद्ध आहे, साफ नाही म्हणा.

सरळ रस्ता असा आहे की ज्याला द्यायचे आहेत त्यानं स्वतःच्या खात्यातून, संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात पाठवायचे. संचालकांच्या खात्यात नाही, त्यांच्या मोबाईल मनीवर तर नाहीच. रिझर्व्ह बँकेची एलआरएस म्हणून योजना आहे, २००४ पासून, त्यात आपल्यासारख्या साध्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, देणगी पण चालते, पॅन लागते अन् ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो. ही सोय फक्त व्यक्तीला आहे, मंडळाला, बचत गटाला, ट्रस्टला नाही. गावातल्या ब्रँचमधे मॅनेजर डोकं खाजवन, त्याचा दोष नाही, त्याच्याकडे असं कोणी येत नाही, तुम्ही यवतमाळ किंवा नागपूरच्या फॉरेन एक्स्चेंजवाल्या ब्रँचला जा. अन् देणाऱ्याला आधीच सांगून टाका की हा पैसा बाहेर जातो म्हणून ८०जी ची आयकरातली सूट मिळत नाही. म्हणजे शंभर लोकांकडून पन्नास पन्नास रुपये हे जमणार नाही, सात-आठ जण पाहिजेत जे मनापासून वर्षाला काही देतील. तुमच्यासोबत तिकडे जाऊन आलेले फिटर, त्यांनी ती लेकरं पाहिलेली आहेत, तिथून सुरुवात करा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. संचालकांनी पाठवलेले फोटो, ते वाडगं हातात घेतलेले, अंगात फाटकं घातलेले, ते ग्रुपवर टाकू नका. २००६ मधे शेतकरी आत्महत्यांपायी पंतप्रधान पॅकेज घेऊन आले होते तेव्हा आपल्या गावागावात कॅमेरे आले होते, आठवते नं. मी एका घरी होती. नवऱ्याचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता, फोटोवाल्यानं बाईला सांगितलं, ताई जरा त्या फोटोखाली बसा, पोराला मांडीवर घ्या, पदर असा घ्या. ती बसली, उठली, पुन्हा बसली, तीनदा. पैसे आले का नाही मला माहीत नाही, पण पुढे कितीतरी वर्षांनी ती मला बाजारात भेटली तं म्हणे, "माह्या पोराले शाळेत पेपरवाला पोट्टा म्हणत, त्यानं शाळाच सोडली बाई." आपण त्या फोटोतले लोक आहोत भाऊ. तुम्ही तरी तसं करू नका. पाना देणाऱ्या हाताची गोष्ट सांगा, तोंड न दाखवता, तेवढी पुरते.

पानठेल्यावरच्या लोकांचं. ते चूक नाहीत अन् तुम्ही पण चूक नाहीत. माया काही ओलिताच्या पाण्यासारखी नाही की तिकडच्या वाफ्यात सोडली की इकडचा कोरडा. पण बोलणाऱ्याला बोलून उत्तर देऊ नका. तुमच्या गावात बिनबापाची तीन लेकरं आहेत असं तुम्हीच लिहिलं. त्यांच्या मायांना विचारा, बालसंगोपन योजनेचे पैसे चालू आहेत का. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये लेकरामागं मिळतात, घरी राहूनच, अन् मी पैज लावते की तिघींपैकी एकीला तरी नाव पण माहीत नसन. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात फॉर्म मिळतो, मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला असं काही काही लागते, चकरा माराव्या लागतात, त्या तुम्ही मारा. तुमचा एक रुपया जाणार नाही, पेट्रोल जाईल. अन् पहा, युगांडाच्या आजीसाठी तुम्ही जे मागून राहिले तेच आपलं सरकार इथल्या मायला देते, लेकरू घरी ठेवायचे पैसे. एकच काम आहे हे दोन्हीकडचं.

आता वहिनींचं. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत त्या ६० हजारांसाठी नाही, न विचारल्यासाठी. त्या कापसाची वेचणी कोणी केली भाऊ? कंबर वाकवून, ओटीत कापूस घेऊन? चुकारा तुमच्या खात्यात आला म्हणून तो तुमचा एकट्याचा होत नाही. पुढचा रुपया त्यांना विचारल्याशिवाय पाठवायचा नाही, अन् नुसतं विचारायचं नाही, त्यांना व्हिडिओ कॉलवर त्या लेकरांशी बोलवा, त्या काय विचारतात ते ऐका. मला वाटते त्या पहिला प्रश्न हाच विचारतील की याची माय कुठं आहे. तुम्हाला जे दोन सीझनमधे सुचलं नाही ते त्यांना दोन मिनिटांत सुचन.

घरातून वर्षाला किती द्यायचं तो आकडा दोघांनी मिळून ठरवा, सोसायटीचं कर्ज अन् पोरांची फी बाजूला काढून. १० हजार निघाले तर १० हजार. तुम्ही त्या लेकरांना परत येईन असं सांगून आलात, ते ओझं मनावर आहे, पण परत जाणं अन् ४२ लेकरांचा बाप होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी तुमच्याकडून कोणी मागितली नव्हती.

या रविवारी संचालकांना फोन लावा. हॉलचं काढू नका, पैशाचं पण काढू नका. फक्त विचारा की पानावाल्याची आजी कोणत्या गावची, जिनिंगपासून किती लांब, अन् तिच्या घरी जायला कोणी तयार आहे का. काय म्हणाले ते मला कळवा.